टाकीत वाळवीचं औषध उतरलंय अशी शंका असेल तर पाणी उकळत बसू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकला रो हाऊस, वाळवी लागली म्हणून तळमजल्यावर भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडून घेतलं, पोर्चखाली ५,००० लिटरची अंडरग्राउंड टाकी आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून नळाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास यायला लागला. पेस्ट कंट्रोलवाले म्हणतात दोन दिवसात वास जाईल, सासरे म्हणतात उकळून पिऊ, मिस्टर म्हणतात आरओ आहे आणि टीडीएस मीटर ९० दाखवतंय म्हणजे पाणी ठीक आहे. घरात दीड वर्षाचं बाळ. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की गावी द्राक्षबागेतल्या विहिरीचं पाणी पितो तेही तपासावं का.

मी २४ वर्षं पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करतेय आणि या प्रकारची निदान पंधरा-वीस घरं तरी स्वतः जाऊन बघितलीत, त्यामुळे आधी आज काय करायचं ते सांगते, कारणं मागून.

ते पाणी आत्तापासून बंद. प्यायला, स्वयंपाकाला, दात घासायला, बाळाच्या बाटल्या धुवायला, आंघोळीलासुद्धा नाही, कारण ही औषधं कातडीतूनही अंगात जातात. संडासात ओतायला वापरलं तर चालेल. मोटर बंद करा, अंडरग्राउंड टाकीतून वरच्या टाकीत एक थेंबही आता चढवू नका, वरच्या टाकीचा खाली येणारा कॉकही बंद करा. प्यायला जार मागवा किंवा शेजाऱ्यांकडून पाणी घ्या, पण शेजाऱ्यांची टाकी तुमच्या भिंतीला लागून असेल तर त्यांनाही आजच सांगा, संकोच करू नका. आणि टाकी लगेच रिकामी करायची घाई नको, आधी सँपल काढायचंय, ते खाली सांगते.

ज्यांनी कुणी ते पाणी प्यायलंय त्यांच्याकडे लक्ष ठेवा. तोंडाला लाळ सुटणं, दरदरून घाम, पोटात कळ येऊन जुलाब, उलटी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, स्नायू फडफडणं, श्वासाला घरघर, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल, १०८ ला फोन करा. बाळाच्या बाबतीत तर लक्षणांची वाटच बघू नका, आजच डॉक्टरांना दाखवा आणि "पाण्यातून कीटकनाशक गेल्याची शंका आहे" हे शब्द वापरून सांगा, नाहीतर ते नेहमीचे जुलाब समजून औषध देतील. रक्तात कोलिनेस्टरेज नावाची तपासणी होते, ती करायची का हे डॉक्टर ठरवतील. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, या औषधांमध्ये सॉल्व्हंट असतं, उलटी होताना ते फुप्फुसात गेलं तर ते वेगळंच संकट. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७, तुमचे डॉक्टरही तिथे बोलू शकतात.

आता दुसरं काम, तेही आजच. पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन करून औषधाच्या डब्याच्या लेबलचा फोटो मागा. कंपनीचं गोड नाव नको, टेक्निकल नाव हवं आणि टक्केवारी हवी. वाळवीसाठी आपल्याकडे मुख्यतः क्लोरपायरीफॉस २० ईसी, इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी किंवा बायफेंथ्रिन २.५ ईसी वापरतात. तुम्ही रॉकेलसारखा वास म्हणताय त्यावरून मला क्लोरपायरीफॉसची दाट शंका आहे. पण शंकेवर लॅबला पैसे देऊ नका, नाव मिळवा. "सेफ आहे मॅडम, हर्बल आहे" असं उत्तर आलं तर लेखी मागा. डॉक्टर, लॅब, टाकी धुण्याची पद्धत, सगळं त्या एका नावावर ठरतं.

वासाबद्दल. हा वास बराचसा औषधाचा नसून ज्या सॉल्व्हंटमध्ये ते विरघळवलेलं असतं त्याचा असतो. ईसी म्हणजे काय, तर तेलकट सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं औषध आणि त्यात साबणासारखा एक पदार्थ, म्हणून पाण्यात टाकलं की ते दुधट होतं. सॉल्व्हंट उडून जातं, दोन-तीन दिवसात वास खरंच कमी होतो, पेस्ट कंट्रोलवाले तेवढं खरं सांगतायत. पण औषध उडत नाही, ते तिथेच राहतं. म्हणजे वास गेला की घरातले निर्धास्त होऊन पाणी प्यायला लागतात आणि नेमकं तेव्हा ते पाणी जवळजवळ तेवढंच वाईट असतं. उकळण्याचंही तेच, उकळताना वास भराभर जातो, पाणी आटतं, औषध बरंचसं भांड्यातच राहतं, उलट थोडं दाट होतं. तुमच्या सासऱ्यांचं चुकलं असं नाही म्हणत, त्यांची पिढी कॉलरा आणि काविळीच्या भीतीत वाढली आणि तिथे उकळणं हाच उपाय होता. जंतू मरतात उष्णतेनं, हे जंतू नाहीत.

टीडीएस मीटरचं तर मला दर आठवड्याला कुणाला तरी समजावावं लागतं. ते मीटर पाण्यातले क्षार मोजतं, म्हणजे खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज देतं. कीटकनाशक क्षार नाही, ते वीज वाहून नेत नाही, त्यामुळे मीटरला ते दिसतच नाही. शिवाय प्रमाण बघा. मीटर मिलिग्रॅममध्ये बोलतं आणि क्लोरपायरीफॉसची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आयएस १०५०० या आपल्या मानकात ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे एका मिलिग्रॅमचे हजार भाग केले तर त्यातले तीस. ९० आकडा दाखवणाऱ्या पाण्यात विष असू शकतं आणि ९०० दाखवणारं बोअरचं पाणी या बाबतीत स्वच्छ असू शकतं.

हे ३० मायक्रोग्रॅम म्हणजे किती ते तुमच्याच टाकीवर काढून दाखवते. २० ईसी म्हणजे लिटरमध्ये २०० ग्रॅम औषध. वाळवीसाठी एक लिटर औषधात १९ लिटर पाणी घालतात, मग ते एक टक्क्याचं होतं, लिटरला १० ग्रॅम. तुमची टाकी ५,००० लिटरची. त्या दुधट पाण्याचा पोहे खायचा एक मोठा चमचा, १५ मिली धरा, त्यात ०.१५ ग्रॅम औषध. ५,००० लिटरला भागा, बरोबर ३० मायक्रोग्रॅम. एक चमचा! आणि एका भोकात साधारण लिटरभर सोडतात, तेवढं एका भोकातलं सगळं टाकीत उतरलं तर मर्यादेच्या ६६ पट. हा हिशोब मी घाबरवायला नाही करत, "थोडंसं गेलं असेल, एवढ्या पाण्यात काय होतंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हिशोबच मांडते.

आरओचं काय. आरओ मशीनमध्ये आधी कार्बनची कांडी असते आणि मग मेंब्रेन. अॅक्टिव्हेटेड कार्बन क्लोरपायरीफॉससारखं औषध खरंच चांगलं धरतं आणि मेंब्रेनही बरंचसं अडवतं, म्हणून ज्या भागात पाण्यात अगदी सूक्ष्म प्रमाणात कीटकनाशक येतं तिथे आरओचा उपयोग आहे, मी नाही म्हणत नाही. पण घरगुती कार्बनची कांडी छोटी असते, ती रोजच्या पाण्यासाठी बनवलेली असते, अपघातासाठी नाही. भरली की भरली, आणि भरल्याचा दिवा लागत नाही, पाणी दिसायला तसंच येतं. तुमच्या मशीनमधून हे पाणी गेलंय, आता त्या सगळ्या कांड्या आणि मेंब्रेन बदलायच्याच, धुवून वापरायच्या नाहीत. नुसतं यूव्हीवालं मशीन असेल तर या कामी त्याचा भरवसा नाही. तुरटी, माठ, कॅंडल, चार पदरी कापड, यातलं काहीही नाही.

आणि एक गोष्ट जी जवळजवळ प्रत्येक घरात करतात आणि जी मला सगळ्यात जास्त टोचते, टाकीत ब्लीचिंग पावडर टाकणं. "पाणी खराब झालं, पावडर टाका" हे आपल्या हाडात बसलंय. क्लोरपायरीफॉसच्या पाण्यात क्लोरीन टाकलं की त्याचं ऑक्सॉन तयार होतं आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी आहे. अंगात गेल्यावर लिव्हरमध्ये जे रूप तयार होऊन त्रास होतो तेच रूप तुम्ही टाकीतच तयार करून देता. एका घरी मी गेले तेव्हा त्यांनी किलोभर पावडर ओतून ठेवली होती, वास एकदम बदलला होता, त्यांना वाटत होतं विष मेलं. तुमचं नळाचं पाणी महापालिकेचं म्हणजे आधीच क्लोरीनचं आहे, म्हणून लॅबला सांगताना क्लोरपायरीफॉसबरोबर ऑक्सॉनही तपासता का हे विचारा, सगळ्या लॅब करत नाहीत.

सँपल कसं काढायचं. काचेची, शक्यतो गडद तपकिरी एक लिटरची बाटली, लॅबच देते, त्यांचीच घ्या. प्लास्टिकची नको, औषध प्लास्टिकला चिकटतं आणि पाण्यात कमी दिसतं, मग रिपोर्ट खोटाच चांगला येतो. औषधाची किंवा दारूची जुनी बाटली धुवूनही नको. तीन सँपल घ्या, एक अंडरग्राउंड टाकीतून, एक वरच्या टाकीतून, एक महापालिकेच्या लाइनचं टाकीत पडायच्या आधीचं. हे तिसरं लोक विसरतात आणि मग भांडण होतं की घाण तुमच्या घरातली की बाहेरून आली. बाटली काठोकाठ भरा, वर हवा नको, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पोचवा. लाइनच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मारायला लॅबवाले बाटलीत सोडियम थायोसल्फेट टाकून देतात, मागून घ्या.

लॅब कुठली? ग्रामपंचायतीकडचं किट किंवा गल्लीतल्या आरओवाल्याचं किट यात कीटकनाशक कळत नाही, त्यात पीएच, क्षारता, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू असल्या गोष्टी असतात. जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस मशीन असलेली, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब हवी, आणि मान्यता नुसती "पाणी" याची नको, "पाण्यातले कीटकनाशक अवशेष" याची आहे का ते त्यांच्या यादीत बघायचं. खर्च काही हजारांत जातो. आयएस १०५०० च्या यादीत १८ कीटकनाशकं-तणनाशकं आहेत, त्यात क्लोरपायरीफॉस आहे पण इमिडाक्लोप्रिड नाही, म्हणून "आयएस १०५०० प्रमाणे टेस्ट करा" एवढंच लिहून दिलंत आणि तुमच्याकडे इमिडाक्लोप्रिड वापरलेलं असेल तर रिपोर्ट सगळा स्वच्छ येईल आणि टाकीत ते बसलेलं असेल. इमिडाक्लोप्रिडला तर असा झणझणीत वासही नसतो आणि ते पाण्यात बरंच जास्त विरघळतं, मातीतून पुढे सरकतं. तुम्हाला वास आला हे एका अर्थानं बरंच झालं, कळलं तरी.

आता मूळ मुद्दा. बहुतेक लोक पाणी शुद्ध कसं करायचं याच्या मागे लागतात आणि ते आत कुठून आलं हे बघतच नाहीत, मग टाकी धुतात, भरतात, आठ दिवसांनी परत तेच, कारण भिंतीपलीकडची माती औषधानं भिजलेली आहे आणि ती वाट उघडीच आहे. टाकी धुण्याच्या आधी वाट शोधायची.

मी बघितलेल्या घरांत मुख्यतः तीन वाटा होत्या. पहिली, टाकीच्या भिंतीला जिथून पाइप आत येतो तिथली कॉलर. बांधकामाच्या वेळी तिथे सिमेंट नुसतं थापलेलं असतं. एका बंगल्यात टाकी रिकामी केल्यावर आत टॉर्च मारला तर तीन भिंती कोरड्या, आणि चौथीवर पाइपाच्या खालून बोटभर रुंद एक ओल उतरलेली, मधोमध पांढुरकी रेघ, दूध सांडून वाळल्यासारखी. त्या रेघेच्या बरोबर वर, बाहेरच्या बाजूला, सव्वा फुटावर ड्रिलचं भोक होतं. एवढं सरळ होतं ते, पण दोन आठवडे कुणी आत डोकावून बघितलं नव्हतं.

दुसरी वाट जास्त फसवी. भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगच्या जवळ भोकं पाडतात आणि आपल्या घरात पाण्याच्या लाइनीही तिथूनच जातात, नकाशा कुणाकडे नसतो. ड्रिल पाइपाला लागतं, लगेच कारंजं उडालं तर कळतं, पण नुसता चरा गेला असेल किंवा जॉइंट हलला असेल तर थेंब थेंब गळतं, ते मातीत मुरतं, कळत नाही. आता लक्षात घ्या, आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. लाइनीत पाणी असतं तेव्हा दाब आतून बाहेर, गळती बाहेर जाते. पाणी गेलं की लाइन रिकामी होताना आत ओढ तयार होते आणि आजूबाजूच्या ओल्या मातीतलं औषध ती आत घेते. एका घरी फक्त सकाळच्या पहिल्या बादलीलाच वास यायचा, नंतर नाही, घरातल्या आजी सांगत होत्या आणि बाकीचे त्यांना भास होतोय म्हणत होते. आजींचं बरोबर होतं. स्कर्टिंगची एक फरशी काढली, खाली सीपीव्हीसीच्या पाइपाला नखाएवढी खोक.

तिसरी वाट म्हणजे पिंप. पेस्ट कंट्रोलची माणसं तुमच्याच नळाला पाइप लावतात, त्याचं दुसरं टोक औषधाच्या पिंपात बुडवून ठेवतात आणि चहाला जातात. तेवढ्यात पाणी गेलं किंवा खालचा नळ कुणी उघडला की पिंपातलं दुधट पाणी उलटं पाइपातून घराच्या लाइनीत. ताई, त्या दिवशी पिंप कुठे भरलं, पाइप कुठल्या नळाला होता, हे घरात सगळ्यांना विचारा, बाळाला सांभाळणाऱ्या बाईंनासुद्धा, बघणारं कुणीतरी असतंच. आणि त्यांनी औषध मिसळायला तुमच्या घरातली बादली, मग, वाटी काही घेतलं होतं का तेही. घेतलं असेल तर ते भांडं धुवून परत वापरू नका, फोडून टाका. १६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या शाळेत मध्यान्ह भोजनातून २३ मुलं गेली, तिथे स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं. औषधाचं भांडं आणि खायचं भांडं एकमेकांच्या जवळही नको.

वाट शोधायची सोपी रीत अशी. सँपल काढून झालं की टाकी रिकामी करा, आतून भिंती नीट बघा. मग बाहेरच्या भोकांत, टाकीच्या बाजूच्या, खायचा लाल रंग घातलेलं पाणी हळूहळू ओता, एकेका भोकात वेगवेगळं, आणि आतून कुणीतरी बघत राहा. तास-दोन तास, कधी रात्रभर लागतो. लाइनीवर शंका असेल तर सगळे नळ बंद करून, लाइन भरून, पाण्याचं मीटर हलतंय का ते बघा, किंवा प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. हे होईपर्यंत भोकं सिमेंटनं बुजवू देऊ नका, पेस्ट कंट्रोलवाले लगेच बुजवायला येतील.

टाकीत उतरण्याबद्दल मात्र हात जोडून सांगते. बंद टाकीत, त्यात सॉल्व्हंटची वाफ, माणूस आत गेला की दोन मिनिटात भोवळ येऊन पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. झाकण निदान एक दिवस उघडं ठेवा, पंख्यानं किंवा ब्लोअरनं हवा आत सोडा, कमरेला दोर, वर दोन माणसं, आणि वास असेपर्यंत कुणीही उतरायचं नाही. शक्य असेल तर वरूनच टॉर्च आणि मोबाइल काठीला बांधून बघा. हातमोजे रबराचे, जाड, कोपरापर्यंतचे, आणि गमबूट. टाकी धुणाऱ्या पोराला आत काय गेलंय हे न सांगता उतरवणं हा गुन्हाच समजा.

धुणं. क्लोरपायरीफॉसला पाण्यापेक्षा घन वस्तूला चिकटायला आवडतं, म्हणून टाकीच्या तळाचा गाळ आणि भिंतीचं शेवाळ यात ते सगळ्यात जास्त सापडतं, गाळ आधी काढायचा. मग साबणाची पावडर आणि धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून ताठ ब्रशनं भिंती घासायच्या, अर्धा-पाऊण तास तसंच ओलं राहू द्यायचं, कारण सोड्याच्या पाण्यात हे औषध साध्या पाण्यापेक्षा लवकर फुटतं. धुवायचं, परत तसंच, निदान तीन वेळा. ब्लीचिंग पावडर या कामात कुठेही नाही, सगळं झाल्यावर, रिपोर्ट स्वच्छ आल्यावर, नेहमीची जंतूंसाठीची टाका. सिमेंटचा गिलावा सच्छिद्र असतो, आत गेलेलं हळूहळू परत पाण्यात येत राहतं, त्यामुळे धुवून भरल्यावर लगेचचं सँपल नाही, पाणी दोन दिवस तसंच मुरू द्या आणि मग काढा, हेच पाणी खरं सांगेल. नाही उतरलं तर परत. एका घरी चौथ्या वेळेला पाणी स्वच्छ आलं, एका घरी आलंच नाही, शेवटी आतला गिलावा खरवडून नवीन करावा लागला. वरची प्लास्टिकची टाकी दुधट पाण्यानं भरलेली असेल तर मी तुम्हाला बदलाच म्हणेन, प्लास्टिकमध्ये ते मुरतं. नळांचे रबरी वायसर, वॉशिंग मशीनचा पाइप, गिझर, फ्रिजमधलं बर्फाचं पाणी, हे सगळं लक्षात ठेवा.

ते धुवण गटारात किंवा नाल्यात नाही. क्लोरपायरीफॉस माशांना फार वाईट आहे. गोदावरीकडेच जाणार ते पाणी. मोकळ्या, उताराच्या नसलेल्या जमिनीवर, विहीर-बोअर-ओढ्यापासून लांब, जिथे पोरं, गुरं, कोंबड्या जात नाहीत तिथे पसरून मुरू द्या, माती ते चांगलं धरून ठेवते आणि हळूहळू जिरवते. गाळ वेगळा बांधून पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या ताब्यात द्या, लेखी पोच घ्या. महापालिकेच्या पाणी आणि आरोग्य विभागालाही कळवून ठेवा. वाळवीच्या कामासाठी आयएस ६३१३ हे मानक आहे, त्यात पिण्याच्या पाण्याच्या विहिरी-झऱ्यांत औषध जाणार नाही याची काळजी घ्यायचं लिहिलेलं आहे, त्यामुळे "आमची जबाबदारी नाही" असं कुणी म्हणालं तर हे दाखवा. लेबलचा फोटो, भोकांचे टाकीपासूनचे अंतर टेप लावून काढलेले फोटो, बिल, लॅबचा रिपोर्ट, एका फाइलीत. तक्रार करायची वेळ आली तर तोंडी बोलण्याला किंमत नसते.

आणि क्लोरपायरीफॉस घरात वापरणं हेच मला आता पटत नाही, स्पष्ट लिहिते. अमेरिकेत सरकार आणि औषध कंपन्यांमधल्या २००० सालच्या करारानंतर घरगुती वापर जवळपास बंद झाला, मुलांच्या मेंदूच्या वाढीची काळजी हे त्यामागचं मोठं कारण, आणि २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या (वर्षानुवर्षं टिकणाऱ्या घातक रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) बंदीच्या यादीत ते काही सवलती ठेवून घातलं गेलं. आपल्याकडे २०२० मध्ये २७ औषधांच्या बंदीचा मसुदा निघाला होता त्यात हे नाव होतं, पण अंतिम यादीत राहिलं नाही. दीड वर्षाचं बाळ फरशीवर रांगतंय त्या घरात मी हे सोडू देणार नाही. परत वाळवी आलीच तर आमिषाचे डबे बसवायची पद्धत आहे, वेळ लागतो पण लिटरच्या लिटर औषध जमिनीत जात नाही.

आता गावच्या विहिरीचं. हो, तपासा, आणि हा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलात पण माझ्या मते तो मोठा आहे. आपली द्राक्षं युरोपला जातात तेव्हा अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पद्धतीप्रमाणे प्लॉटवार नोंदणी होते, सँपल काढतात, लॅबमध्ये शेकड्यानं औषधांचे अवशेष तपासतात, पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्यावर देखरेख असते. शेतकऱ्याला प्रत्येक फवारणीची तारीख तोंडपाठ असते. त्याच बागेतल्या विहिरीचं पाणी त्याच शेतकऱ्याची पोरं पितात आणि ते पाणी आयुष्यात एकदाही तपासलेलं नसतं. हे मला दर वेळी अस्वस्थ करतं.

विहिरीत औषध बहुतेक वेळा शेतातून झिरपून येत नाही, काठावरून येतं. फवारणीचा ब्लोअर विहिरीशेजारी भरायचा, तिथेच विसळायचा, रिकामे डबे काठावर. शिवाय ठिबकमधून औषध सोडताना व्हेंचुरी (औषध ओढून पाण्याच्या लाइनीत घेणारी नळी) लावलेली असते, लाइट जाते, मोटर बंद पडते, आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, नसेल तर टाकीतलं औषध उलटं विहिरीत. हा व्हॉल्व्ह अगदी साधी वस्तू आहे, पण दहापैकी किती ठिकाणी दिसते ते गावी गेलात की स्वतः बघा. आपला काळा खडक भेगांचा आहे, भेगेतून पाणी गाळून येत नाही, सरळ येतं, आणि उन्हाळ्यात काळ्या मातीला हाताएवढ्या चिरा पडतात, पहिल्या वळवाबरोबर वरचं सगळं त्यातून खाली. म्हणून विहिरीचं सँपल पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याभरात काढा आणि एक छाटणीनंतरच्या फवारण्या जोरात असतात तेव्हा. फेब्रुवारीत एकदा काढून स्वच्छ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. आणि लॅबला त्या वर्षी मारलेल्या औषधांची यादी द्या, ती तर वहीत लिहिलेलीच असेल, निर्यातीसाठी ठेवावीच लागते.

तोपर्यंत तिथे एवढं करून घ्या. ब्लोअर भरायची जागा विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला, पाणी वेगळ्या टाकीत आणून. काठ दोन फूट तरी उंच आणि भोवती सिमेंटचा ओटा बाहेर उतार देऊन. रिकामे डबे तीनदा विसळून, ते पाणी फवारणीतच वापरून, डब्याला भोक पाडून ठेवायचे म्हणजे त्यात कुणी पाणी भरणार नाही. तुमच्या सासऱ्यांना हे मी सांगण्यापेक्षा त्यांच्या बरोबरीच्या बागायतदारानं सांगितलं तर लवकर पटेल.

ताई, आज संध्याकाळपर्यंत दोन गोष्टी मला कळवा. लेबलवरचं टेक्निकल नाव, आणि टाकीच्या भिंतीपासून सगळ्यात जवळचं भोक किती फुटांवर आहे. नाव कळलं की लॅबच्या फॉर्मवर नेमकं काय लिहायचं ते मी लिहून देते. आणि बाळाला डॉक्टरांकडे आधी न्या, फोन नंतर केला तरी चालेल.